मागच्या बाजूचा रंधा

मित्रांनो, सन एकोणीसशे चौतीस हे साल माझ्या अंगावर कोरलेलं नाही, पण ते मी विसरलेलो नाही. त्या वर्षी माझ्या पाठीला कुणीतरी काळं फासलं, आणि त्या काळ्या रंगापायी एका भल्या माणसावर घरदार उचलून जायची पाळी आली होती.

मी एका छोट्याशा चर्चमधला जुना लाकडी मंच आहे. उपासनेच्या वेळी पाळक ज्याच्या आत उभे राहून उपदेश करतात, तो. समोरून पाहिलंत तर मी एखाद्या उंच पेटीसारखा दिसतो. वर पवित्र शास्त्राचा ग्रंथ ठेवायला उतरती फळी आहे, मागे आत शिरायला बुटकं दार आहे आणि खाली लोखंडी चाकं आहेत. झाडताना सरकवता यावं म्हणून ती चाकं मला घडवणाऱ्या सुताराने बसवली. तो मोठा धोरणी माणूस होता. त्याने एका अखंड ओंडक्यातून मला कापलं, रंध्याने तासलं, आणि हात फिरवला तर माशी घसरून पडेल असं गुळगुळीत केलं. सगळं झाल्यावर त्याने मागच्या दाराच्या कडीजवळ एक खूण कोरली. नाव नाही, तारीख नाही. अंगठ्याएवढा एक रंधा, त्याची मूठ, त्याचं पातं. ती त्याची सही होती.

सुतार गेला. त्याच्या मुलाने बापाच्या दुकानाची मोठी वखार केली. गिरणीचे वासे त्याच्याकडून, स्टेशनचे बाक त्याच्याकडून, गावातली निम्मी दारं त्याच्या लाकडाची. सगळे त्याला वखारवाले दादा म्हणत. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या लोकांचे, ते मुख्य पंच होते. दादा खाकरले की बाकावरची कुजबुज बंद व्हायची.

दर रविवारी शास्त्रपाठ, म्हणजे ग्रंथातला ठरलेला उतारा, वाचायचा मान दादांचा. ते ताठ चालत यायचे, माझं दार उघडताना अंगठा अगदी सहज त्या रंध्यावर टेकवायचे आणि आत शिरायचे. मग ग्रंथ उघडून खणखणीत आवाजात वाचायचे. एक शब्द अडायचा नाही. नवा पाळक आला की ते त्याला आधीच बजावत, "पाठ कुठला ते मला आठवडाभर अगोदर सांगायचं. देवाचं वचन आधी मनात मुरलं पाहिजे, मग तोंडातून बाहेर यावं." लोकांना ते फार आवडायचं.

मला मात्र एक गोष्ट दिसायची. दादांची नजर ओळीवरून पुढे सरकायची नाही. आणि पहिल्या बाकावर बसलेल्या काकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, ओठ दादांच्या आवाजाबरोबर हलत राहायचे. काकू आठवडाभर घरी वाचून दाखवायच्या, दादा ऐकून ऐकून पाठ करायचे. बापाला अक्षर येत नव्हतं, आणि मुलगा कळता झाल्यापासून करवतीला जुंपला गेला. हे गुपित गावात तिघांनाच ठाऊक होतं. त्यांतला तिसरा मी, आणि मला बोलता येत नव्हतं.

अशा चर्चमध्ये चौतीस साली नवे पाळक आले. आमच्या मेथडिस्ट पंथात पाळक एका जागी मुळं धरत नाही. वर्षातून एकदा मोठी परिषद बसते आणि कुणी कुठे जायचं ते ठरवते. त्यामुळे लोक नव्या पाळकाकडे थोडं पाहुण्यासारखंच बघतात. हे पाळक अंगाने काटकुळे, बोलायला मऊ, पण हट्टाला पेटले की ऐकायचे नाहीत. आल्या आल्या त्यांनी गिरणीच्या फाटकाशी उभं राहून सांगितलं, "संध्याकाळी कामावरून सुटलात की चर्चमध्ये या. लिहायला-वाचायला शिकवतो. पोरांना शाळा आहे, त्यांच्या आईबापांना कोण आहे?"

लोक हसले. पण काही आले.

पहिली आली ती इस्त्रीवाली मावशी. तिची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा तापलेली असायची. पाळकांनी तिला विचारलं, "मावशी, कोणता शब्द सगळ्यात आधी शिकायचाय?" त्यांची पद्धतच ती होती. बाराखडी नंतर, आधी ज्याला जो शब्द हवा तो.

"गिऱ्हाइकांची नावं शिकवा," मावशी म्हणाली. "गेल्या आठवड्यात वकिलाचा शर्ट डॉक्टरच्या घरी गेला. डॉक्टर तो घालून फिरलासुद्धा. वकील म्हणतो, दावा लावीन!"

दुसरा गिरणीचा बंबवाला. वाफेच्या बंबात कोळसा घालायचं त्याचं काम. तो हळूच म्हणाला, "बंबापाशी एक पाटी आहे. तांबडी आहे एवढंच कळतं. तिच्यावर काय लिहिलंय?"

पाळक दुसऱ्या दिवशी ती पाटी बघून आले. वरती एकच मोठा शब्द होता, 'धोका'. खाली बारीक अक्षरांत वाफ वाढली तर काय करायचं ते लिहिलं होतं. त्या बंबावर इतकी वर्षं काम करणाऱ्या कुणालाच ते वाचता येत नव्हतं. त्या रात्री पाळक जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, पुढे सांगायच्या.

वर्ग सुरू झाला, पण फळा नव्हता. चर्चच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असा पंचांचा जुना ठराव होता. पाळकांनी दोन दिवस विचार केला आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मला चाकं होती. मला फिरवलं की माझं दार बाकांकडे येत होतं. दुपारी ते काळ्या रंगाचा डबा घेऊन आले. पाळकीणबाई डबा धरून उभ्या होत्या.

"अहो, कुणाला विचारलंत का?"

"मागची बाजू तर आहे," पाळक म्हणाले. "मागे कोण बघतं?"

कुंचला फिरला. कडीजवळ तो जरा अडखळला. पाळकांना वाटलं, लाकडाची गाठ असेल. त्यांनी तिथे जरा जास्तच रंग भरला.

मित्रांनो, इतका चांगला माणूस, आणि इतकी साधी चूक.

आठवड्याचे सगळे दिवस माझ्या पाठीवर खडू फिरायचा. मावशी नावं गिरवायची, बंबवाला 'धोका' लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. खडूची भुकटी माझ्या फटींत बसायची आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं. माझ्या पुढच्या बाजूने लोकांनी आजवर नुसतं ऐकलं होतं. मागच्या बाजूने ते बोलायला लागले होते.

मग रविवार आला. मला पुन्हा सुलटं फिरवलं होतं. दादा ताठ चालत आले, दाराशी पोचले, अंगठा टेकवला, आणि थांबले. बोट त्या जागी पुन्हा पुन्हा फिरलं. रंधा नव्हता. जाड, काळा रंग होता.

त्या दिवशीही त्यांनी पाठ बिनचूक म्हटला. पण बाहेर पडताना ती जागा पुन्हा एकदा चाचपली.

उपासना सुटल्यावर त्यांनी पाळकांना माझ्यापाशीच गाठलं.

"हा मंच माझ्या बापाने केलाय."

"माहीत आहे, दादा. म्हणून तर पुढच्या बाजूला हात लावला नाही."

"चर्च प्रार्थनेसाठी आहे. गिरणीवाल्यांच्या अ-आ-ईसाठी नाही. भाजलेल्या मडक्याला कान चिकटत नाहीत, पाळकसाहेब. चाळिशी उलटलेल्या माणसांना काय शिकवताय?"

"मडकं भाजलेलं असलं, तरी रिकामं असेल तर भरता येतंच की," पाळक हसून म्हणाले.

दादा हसले नाहीत. खुणेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? खूण सांगितली असती तर बापाने नाव का कोरलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. आणि एक धागा ओढला की सगळी वीण उसवते. म्हणून त्यांनी राग खुणेवरून उचलला आणि वर्गावर ठेवला.

"तिमाही सभेला अधीक्षकसाहेब येणार आहेत," ते म्हणाले. "ते नेहमीचा प्रश्न विचारतील. तेव्हा मी उठेन."

हा प्रश्न काय, ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्यात दर तीन महिन्यांनी सभा भरते. अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारे अधीक्षक येतात आणि सगळ्यांसमोर विचारतात, "तुमच्या पाळकांविरुद्ध कुणाचं काही गाऱ्हाणं आहे?" बहुतेक वेळा कुणी बोलत नाही आणि सभा पुढे सरकते. पण मुख्य पंचच उठले, तर त्या पाळकाने सामान बांधायला घ्यावं. पाळक गेले की चर्चची किल्ली पंचांकडे, आणि वर्ग बंद.

बातमी वर्गात पोचली. त्या संध्याकाळी कुणी गिरवत नव्हतं.

"मला 'धोका' वाचता येतं," बंबवाला म्हणाला. "पण खालचं येत नाही. आता तर जास्तच भीती वाटते. आधी निदान माहीत नव्हतं की खाली काही आहे."

"अर्धी इस्त्री केलेला शर्ट घालून माणसाने जायचं कुठे, ते सांगा!" मावशी कडाडली. "पाळकबाबा, तुम्ही दादांच्या पाया पडा. माझ्याच्याने होणार नाही, मी काहीतरी बोलून बसेन."

पाळक खरंच वखारीत गेले. दादांनी त्यांना बसायला ओंडका दिला, पाणी दिलं, आणि वर्गाचा विषय निघताच करवत चालू केली. पाळक परत येऊन माझ्या आत शिरले आणि फळीवर कोपरं टेकून, डोकं धरून उभे राहिले. आपण कुठे चुकलो हे त्यांना कळत नव्हतं. चूक त्यांच्या पाठीमागे एका हातावर होती.

सभेचा रविवार उजाडला. पाळकीणबाईंनी घरातली भांडी आदल्या दिवशीच पेटीत भरून ठेवली होती, म्हणे. चर्च भरलं होतं. एरवी न येणारी वर्गाची माणसंही आली आणि शेवटच्या बाकांवर दाटीवाटीने बसली. मावशीने पदर असा घट्ट खोचला होता, जणू भांडायलाच आली होती.

अधीक्षकसाहेब उंच, भारदस्त, घाईचे. शास्त्रपाठाची वेळ झाली. दादा उठले, दार उघडलं, अंगठा काळ्या रंगावरून निसटला, आणि ते आत उभे राहिले. इतक्यात अधीक्षक जागेवरून उठून आले. त्यांनी ग्रंथाची पानं भराभर उलटली आणि बोट ठेवून म्हणाले, "दादा, आज हा अध्याय वाचा. माझा उपदेश यावर आहे." आणि जाऊन बसले.

पान उघडं होतं. दादांनी त्यावर बोट ठेवलं.

दादांच्या कपाळावरचा घाम टपकन फळीवर पडला. बोट होतं तिथेच होतं. पहिल्या बाकावर काकूंनी बाकाची कड इतकी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली. त्यांचे ओठ हलत नव्हते. त्यांना काय माहीत, कुठला पाठ आहे ते!

कुणीतरी खोकलं. अधीक्षकांनी मान वर केली.

बाजूच्या खुर्चीत बसलेल्या पाळकांनी ते बोट पाहिलं. असं न हलणारं बोट त्यांना ओळखीचं होतं. वर्गातल्या प्रत्येकाने पहिल्या संध्याकाळी ते तसंच ठेवलं होतं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

आता विचार करा. ज्या माणसाच्या एका शब्दाने आपलं बिऱ्हाड उठणार, तो आपल्यासमोर उघडा पडतोय. आपण काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. थोड्या वेळात सगळ्या गावाला कळलं असतं, आणि दादा पुन्हा कशावरच बोलायला उठले नसते.

पाळक उठले. "साहेब, चूक माझी आहे. दादांना मी दुसरा पाठ सांगितला होता, आणि तुम्हाला तो कळवायला हवा होता. ते राहून गेलं. त्यांनी मनात मुरवलेला पाठच होऊ द्यावा."

"शास्त्रपाठ वाचायला मुरवायला कशाला हवा?"

"वचन आधी मनात मुरावं, असं दादा म्हणतात. मला ते पटतं."

अधीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. "ही ढिलाई बरी नाही, पाळकसाहेब. तुमच्याबद्दल आधीच कानावर काही आलंय. सभेत बोलू."

"हो साहेब," पाळक म्हणाले आणि खाली बसले.

दादांनी आपला पाठ म्हटला. आवाज फुटत होता, पण म्हटला. काकूंचे ओठ त्यांच्याबरोबर हलले आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं.

उपासनेनंतर माझ्याच पुढ्यात टेबल मांडलं गेलं. सभेची इतर कामं झाली. मग अधीक्षकांनी तो प्रश्न विचारला.

"पाळकांविरुद्ध कुणाचं काही गाऱ्हाणं?"

दादा उठले.

शेवटच्या बाकावर बंबवाल्याने डोळे मिटून घेतले. पाळकीणबाईंनी मात्र मान ताठ ठेवली.

"आहे," दादा म्हणाले.

ते टेबलापासून निघाले, माझ्या मागे आले आणि मला दोन्ही हातांनी धरून फिरवलं. माझी काळी पाठ सगळ्यांसमोर आली. कालच्या धड्यातली दोन अक्षरं अजून तिच्यावर होती.

"इथे, या कडीपाशी, माझ्या बापाची खूण होती. एक रंधा. यांनी ती काळ्या रंगाखाली गाडली. हे माझं गाऱ्हाणं."

पाळक पुढे आले. त्यांनी बोटाने ती जागा चाचपली. तो उंचवटा, ती खाच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला ती गाठ वाटली," ते म्हणाले. "दादा, मी रोज इथे लोकांना वाचायला शिकवतो, आणि मला समोरची सही वाचता आली नाही. मी विचारायलाही आलो नाही. म्हटलं, मागे कोण बघतं."

"पण रंधाच का?" अधीक्षकांनी विचारलं. "त्यांनी नाव का नाही कोरलं?"

दादांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, अगदी थोडी.

"नाव लिहिता येत नव्हतं त्याला," दादा म्हणाले. "वखार मला बापाकडून आली. तेही त्याच्याकडूनच आलं."

चर्चमध्ये काहींना कळलं, काहींना कळलं नाही. मावशीला कळलं. ज्या बाईच्या जिभेला सगळे टरकायचे, ती शेवटच्या बाकावरून हळू आवाजात म्हणाली, "दादा, इथे जागा आहे. मी सरकते."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे गाऱ्हाणं कशाचं?" अधीक्षक गोंधळून म्हणाले. "वर्गाचं की कशाचं? मला सभेत नीट सांगा."

"रंगाचं," दादा म्हणाले. "वर्गाचं काही नाही. फळ्याला लाकूड वखारीतून येईल. आणि भिंतीला खिळा मी ठोकीन. ठराव मीच केला होता, मीच मोडतो."

पाळक लगेच खिशातून चाकू काढून खरवडायला वाकले, तसे दादा ओरडले, "अहो, चाकूने नको! लाकूड सोलून काढाल. काचेचा तुकडा लागतो त्याला. सरका, तुम्हाला हे येत नाही."

"शिकवा मग," पाळक म्हणाले.

त्या दिवशी दुपारभर दोघे माझ्या पाठीशी मांडी घालून बसले होते. दादा शिकवत होते, पाळक शिकत होते. कडीजवळचा रंग काढताना दादांनी त्यांना हात लावू दिला नाही.

पुढे कुणाचं काय झालं, ते सांगतो.

पाळक वाचले, पण राहिले नाहीत. वर्षाअखेरीस परिषदेने त्यांना नियमाप्रमाणे दुसरीकडे पाठवलं. ते जिथे जिथे गेले तिथे त्यांनी मोठ्यांचे वर्ग काढले, आणि फळा टांगण्याआधी ज्याची भिंत त्याला विचारलं. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. मावशी त्यांना भेटायला गेली तेव्हा तिने त्यांना शास्त्रातलं वाचून दाखवलं. ती अडली की ते आंधळे डोळे मिटून पुढचा शब्द सांगत. "तुम्हाला पाठच आहे तर मला कशाला दमवता?" म्हणून ती त्यांच्यावर खेकसली, हे तिनेच इथे येऊन सांगितलं, आणि सांगताना रडली.

मावशीने पुढे मरेपर्यंत आमच्या वर्गात शिकवलं. वकिलाचा शर्ट पुन्हा कधी डॉक्टरकडे गेला नाही. बंबवाल्याने ती पाटी शेवटपर्यंत वाचली, आणि पुढे त्याच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला कोळशाला हात लावायच्या आधी ती मोठ्याने वाचायला लावली. पाळकीणबाई पतीच्या मागे फार दिवस राहिल्या नाहीत.

आणि दादा? ते मावशीने सरकून केलेल्या जागेवर वर्गात बसले. पुष्कळ दिवसांनी एका रविवारी त्यांनी नव्या पाळकांना सांगितलं, "पाठ तुम्हीच ठरवा. मला आधी सांगू नका." ते आत शिरले. बोट ओळीवर ठेवलं, आणि बोट सरकलं. अडखळत, थांबत, मागे येत, पुन्हा पुढे जात सरकलं. इतकं वाईट वाचन या चर्चने कधी ऐकलं नसेल. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या ऐकत होत्या.

आता दादा नाहीत, काकू नाहीत. चर्च नवं बांधलं, त्यात नवा मंच आला आणि मी सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांबरोबर उभा आहे. माझ्या एका चाकाला गंज चढलाय. पुढून पाहणारे म्हणतात, साधाच तर आहे. पण दारावर अजून थोडा काळा रंग उरलाय, आणि कडीजवळच्या रंध्याच्या खाचांत भिंतीवरच्या फळ्यावरून उडालेला इतक्या वर्षांचा खडू बसलाय. काळ्यावर पांढरा तो आता पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतो.

मित्रांनो, उशिरा शिकायला बसलेल्या माणसाला हसू नका, त्याला बसायला थोडं सरकून जागा द्या. आणि कुठल्याही जुन्या वस्तूवर कुंचला फिरवण्याआधी तिला एकदा वळसा घाला. मागे कोण बघतं, असं म्हणू नका. तुम्ही बघा.